कॉम्प्युटर क्लबची संस्था करावी का? नोंदणीच्या आधी विचारायचे प्रश्न

चार-पाच जुने कॉम्प्युटर, विहाराच्या सभागृहाची किंवा अभ्यासिकेची जागा, कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट आणि दर रविवारी जमणारी दहा-बारा मुलंमुली. कोणी बंद पडलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो चालू करतो, कोणी पायथॉन शिकते, कोणी रास्पबेरी पाय घेऊन प्रयोग करत बसतो. शिकवणारा-शिकणारा असा भेद फारसा नसतो. ज्याला जे येते ते तो दुसऱ्याला दाखवतो. हा झाला हौशी कॉम्प्युटर क्लब.

असा क्लब वर्ष-दीड वर्ष टिकला की एखाद्या बैठकीत विषय निघतोच, "आपण याची रीतसर संस्था काढू. रजिस्ट्रेशन झाले की निधी येईल." बहुतेकांना ते पटते. दोघा-तिघांना पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट सांगता येत नाही. मग एखाद्या ओळखीच्या वकिलाकडे किंवा एजंटाकडे कागद दिले जातात आणि निर्णय चर्चेविनाच होऊन जातो.

हा निर्णय चर्चा करून व्हायला हवा, कारण तो परत फिरवणे सोपे नाही. नोंदणी करावी की करू नये याचे सर्वांसाठी एकच उत्तर नाही. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा हे सांगता येते. त्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न: हे कोणासाठी आहे?

क्लब आणि सार्वजनिक संस्था यांत कायद्याच्या दृष्टीने मूळ फरक हा आहे. दहा मित्रांनी स्वतःच्या आवडीसाठी पैसे काढून कॉम्प्युटर घेतले, स्वतःच वापरले, तर ते परस्परांच्या सोयीचे काम झाले. त्यात गैर काहीच नाही. पण ते 'धर्मादाय' काम होत नाही. आयकर कायदा ज्याला धर्मादाय हेतू म्हणतो त्यात गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामे अशा गोष्टी येतात. म्हणजे लाभ सभासदांच्या बाहेर, लोकांपर्यंत गेला पाहिजे.

आता आपल्या वस्तीतला क्लब बघा. सुरुवात हौसेने झालेली असते. हळूहळू शेजारची शाळकरी मुले येऊ लागतात. शिष्यवृत्तीचे दिवस आले की महाडीबीटीचे अर्ज भरून घ्यायला पालक येतात. कोणी जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत काढायला येते. क्लबने ठरवलेले नसते, पण काम लोकांचे होऊन बसते. नोंदणीचा प्रश्न खरा उभा राहतो तो या टप्प्यावर. त्याआधी तो उभा करायची घाई करू नये.

दोन क्लब, दोन वाटा

या बाबतीत जगातले दोन प्रसिद्ध क्लब पाहण्यासारखे आहेत.

पहिला अमेरिकेतला होमब्रू कॉम्प्युटर क्लब. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये त्याची पहिली बैठक झाली. लोक आपापली यंत्रे घेऊन यायचे, नकाशे वाटायचे, भाग अदलाबदल करायचे. स्टीव्ह वोझनियाक याच क्लबात येत असे. ॲपलचा पहिला कॉम्प्युटर त्याने तिथल्याच मंडळींना दाखवला. क्लब सैलसर होता. सक्तीची वर्गणी नव्हती, वार्तापत्र देणग्यांवर चालायचे. १९८६ मध्ये त्याच्या बैठका थांबल्या. त्याने इमारत मागे ठेवली नाही, पण त्यातून अनेक कंपन्या उभ्या राहिल्या आणि घरगुती कॉम्प्युटरचा इतिहास घडला. क्लब बंद पडला म्हणून तो अपयशी ठरला असे कोणी म्हणत नाही.

दुसरा जर्मनीतला केऑस कॉम्प्युटर क्लब. त्याची सुरुवात १९८१ मध्ये बर्लिनला झाली, तीही अशीच सैल. १९८४ मध्ये या मंडळींनी तिथल्या टपाल खात्याच्या 'बीटीएक्स' सेवेतली त्रुटी उघडी पाडली. हॅम्बुर्गच्या एका बँकेच्या खात्यावरून सुमारे १ लाख ३५ हजार मार्क आपल्या नावे वळवून दाखवले आणि परत केले. पुढे जर्मनीत कॉम्प्युटरशी संबंधित गुन्ह्यांचा नवा कायदा आला. आपण करतो ते संशोधन की गुन्हा, हा प्रश्न प्रत्येक सभासदापुढे आला. १९८६ मध्ये क्लबने नोंदणीकृत संघटनेचे रूप घेतले. तो आजही चालू आहे.

दोन्हींत फरक काय? होमब्रूला बाहेरच्या जगाशी सामूहिकपणे काही निभवायचे नव्हते. जो तो आपले यंत्र घेऊन घरी जात होता. केऑस क्लबला सरकारपुढे, पोलिसांपुढे, वर्तमानपत्रांपुढे 'आम्ही' म्हणून उभे राहायचे होते. 'आम्ही' म्हणून उभे राहायची गरज आहे का, हा आपला दुसरा प्रश्न.

पैसा कोणाच्या खात्यात पडतो?

आपल्याकडे 'आम्ही'ची गरज बहुतेक वेळा पैशातून सुरू होते. नोंदणी नसलेल्या क्लबचा पैसा साधारणपणे एकाच मुलाच्या यूपीआयवर जमा होतो. दरमहा शंभर-दोनशे रुपये असतील तोवर कोणी विचारत नाही. मग कोणी दादा नोकरीला लागल्यावर वीस हजार पाठवतो, जयंतीला कोणी कॉम्प्युटरसाठी पैसे देतो. आता ते पैसे त्या मुलाच्या घरखर्चात मिसळलेले असतात. आयकर खात्याने विचारले तर खुलासा त्यानेच द्यायचा. खाते कुठल्या कारणाने गोठले तर क्लबचेही पैसे अडकले. आणि त्याने एक रुपयाही खाल्लेला नसला तरी वस्तीत कुजबुज सुरू होते. वस्तीत काम करताना मी अशा कुजबुजीने मोडलेली मैत्री पाहिली आहे. हिशेबाची वही असती तर ती मोडली नसती.

पण या दुखण्यावर नोंदणी हा एकमेव उपाय नाही. सभासदांची आपापसातली वर्गणी असेल तर एक वही, दोघांच्या सह्या आणि महिन्याला सर्वांसमोर वाचलेला हिशेब एवढ्याने काम भागते. नोंदणी नसलेल्या मंडळालाही ठराव आणि आवश्यक कागद देऊन बँकेत खाते उघडता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याची तरतूद आहे. शाखेत मात्र खेटे घालावे लागतात.

लोकांकडून धर्मादाय कामासाठी देणगी गोळा करायची असेल तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या मंडळाला त्यासाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. उत्सव मंडळे दरवर्षी जी '४१ क'ची परवानगी काढतात ती हीच. 'आम्ही छोटे आहोत, आम्हाला कोण विचारतो' असे म्हणून पावतीपुस्तक छापू नये.

नोंदणी करायची तर कोणती?

महाराष्ट्रात ना-नफा कामासाठी तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी. किमान सात जण लागतात. संस्थेचे उद्देश सांगणारा कागद आणि नियमावली द्यावी लागते. सभासद मतदान करून कार्यकारिणी निवडतात. आपल्या राज्यात धर्मादाय उद्देशाची अशी सोसायटी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याखालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयातच होतात.

दुसरी, त्याच १९५० च्या कायद्याखालचा सार्वजनिक ट्रस्ट. इथे अधिकार विश्वस्तांकडे असतो. साधारण सभासदांना मतदान असेलच असे नाही. ज्या क्लबात सगळे बरोबरीने बसतात त्याला हा साचा सहसा जमत नाही.

तिसरी, २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ खालची कंपनी. दोन संचालकांवरही काढता येते. पण दरवर्षी लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रे, मुदत चुकली की दंड. वर्षाला चाळीस-पन्नास हजारांत चालणाऱ्या क्लबने या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लबच्या स्वभावाला त्यातल्या त्यात जवळची सोसायटी. पण त्यात सात नावांचा प्रश्न येतो. घाईघाईत ही सात नावे कशी भरली जातात हे सर्वांना माहीत आहे. एकाचे काका, दुसऱ्याची बायको, एक निवृत्त साहेब 'वजन पडते' म्हणून अध्यक्ष. प्रत्यक्षात शिकवणारी एकोणीस वर्षांची मुलगी मात्र कागदावर कुठेच नसते. पाच वर्षांनी वाद झाला तर कायदा तिला ओळखत नाही, त्या काकांना ओळखतो. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९११ मध्ये राजकीय पक्षांचा अभ्यास करून मांडले होते की संघटना कितीही लोकशाहीवादी असली तरी सत्ता हळूहळू थोड्यांच्या हाती जमा होत जाते. कागद, शिक्का आणि सही ज्याच्याकडे, त्याच्याकडे ती लवकर जमा होते. म्हणून जे काम करतात त्यांचीच नावे घाला. वयाची अठरा पूर्ण नसतील तर थांबा. मुली निम्म्या असतील तर पदेही निम्मी त्यांना द्या.

'रजिस्ट्रेशन झाले की निधी येईल'

या एका वाक्यावर बहुतेक संस्था निघतात, म्हणून ते तपासून पाहू.

नोंदणी झाली म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळत नाही. त्यासाठी आयकर खात्याकडे आधी १२ए आणि मग ८०जी अशा वेगळ्या मान्यता घ्याव्या लागतात. त्या कायमच्या नसतात, मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागतो. ८०जी मिळाली तरी दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू नाही. शिवाय ज्या नोकरदाराने नवी कररचना स्वीकारली आहे त्याला ८०जीची वजावट मिळतच नाही. आणि आता नवी रचना हीच मूळ रचना धरली जाते. म्हणजे आपल्या ओळखीतल्या अनेक देणगीदारांना ८०जीचा उपयोग शून्य. ते पैसे देतील ते तुमचे काम पाहून.

कंपन्यांचा सीएसआर निधी? तो घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेकडे १२ए आणि ८०जी हवी, सीएसआर-१ हा अर्ज भरलेला हवा आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. आज नोंदणी केलेल्या क्लबला उद्या सीएसआर मिळत नाही.

परदेशातून मदत? इथे सर्वात जास्त काळजी घ्या. परदेशात नोकरी करणारा पण भारतीय नागरिक असलेला मित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर तो आपल्याच गावचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो विदेशी स्रोत आहे. असे पैसे सामाजिक कामासाठी घ्यायला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नियमित नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. छोट्या क्लबच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. म्हणून लंडन-न्यूजर्सीच्या बांधवांकडून पैसे मागण्याआधी त्यांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारावे.

नोंदणीनंतरचे रोजचे काम

संस्था झाली की दरवर्षी ३१ मार्चपर्यंतचा हिशेब बंद करायचा, लेखापरीक्षण करून घ्यायचे, हिशेबपत्रके धर्मादाय कार्यालयात द्यायची, आयकर विवरणपत्र भरायचे. सभांची सूचना, इतिवृत्त, हजेरी ठेवायची. कार्यकारिणीत एक माणूस बदलला तरी कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा.

संस्था अडतात त्या बहुधा या बदल अर्जावर. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला जातात, नवी मुले काम पाहू लागतात, पण कागदावर जुनीच नावे राहतात. दहा वर्षांनी विहाराशेजारची खोली दुरुस्त करायला निधी मिळायची वेळ येते तेव्हा कळते की नोंदीवरच्या सातांपैकी दोघे वारले आणि तिघांचा पत्ता नाही. दोन गट आपापली कार्यकारिणी घेऊन धर्मादाय कार्यालयात उभे राहतात आणि तोवर कॉम्प्युटरवर धूळ साचते.

आणखी एक गोष्ट. सोसायटीची मालमत्ता सभासदांची राहत नाही. उद्या संस्था विसर्जित केली तरी कर्ज फेडून उरलेले कॉम्प्युटर, पैसे सभासदांना वाटून घेता येत नाहीत. ते दुसऱ्या संस्थेकडे जातात. हे योग्यच आहे, कारण लोकांनी ते लोकांसाठी दिलेले असते. पण जो मित्र आपला स्वतःचा लॅपटॉप क्लबात ठेवतो त्याने तो दान दिला की वापरायला दिला, हे आधीच लिहून ठेवावे.

मधली वाट: दुसऱ्याच्या छताखाली

क्लब राहायचे की संस्था व्हायचे, एवढ्या दोनच वाटा आहेत असे नाही. तिसरी वाट आहे. क्लब क्लबच राहतो आणि पैशाची, मालमत्तेची कायदेशीर जबाबदारी आधीपासून नोंदलेली एखादी संस्था घेते.

लिनक्सवाल्या मंडळींना डेबियन माहीत असेल. १९९३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प जगभरातले हजारो स्वयंसेवक चालवतात. त्यासाठी देणग्या आणि मालमत्ता सांभाळायला १९९७ मध्ये अमेरिकेत 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही ना-नफा संस्था काढली गेली. डेबियनचे तांत्रिक निर्णय डेबियनचे लोक घेतात, पैसे आणि कागद ती संस्था पाहते. पुढे इतर अनेक प्रकल्पही तिच्या छताखाली आले. आपल्या देशात बंगळुरूच्या एका झोपडवस्तीत 'आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर' फ्री सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांच्या आधाराने उभे राहिले. तिथल्या मुलांच्या हातात मुक्त सॉफ्टवेअर आले, तेही आधीच उभ्या असलेल्या चळवळीचा हात धरून.

ही वाट आपल्यालाही परकी नाही. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा याच १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली होती. सभेने सोलापूरला वसतिगृह चालवले, मुंबईत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही चालवला. हॉकी खेळणाऱ्या पोरांना स्वतंत्र नोंदणीची गरज पडली नाही. वसतिगृहासारखी कायमची जबाबदारी घेणारी सभा मात्र रीतसर नोंदलेली होती.

वस्तीत विहाराचा ट्रस्ट, वाचनालय किंवा शिक्षण संस्था असेल तर त्यांच्याशी बोलता येते. पण तोंडी नको. चार गोष्टी लिहून घ्या. त्या संस्थेच्या उद्देशांत शिक्षणाचे काम आहे का? क्लबच्या पैशाची खातेवही वेगळी राहील का? काय शिकवायचे, कोणाला यायचे हे क्लब ठरवेल का? आणि वेगळे व्हायचे झाले तर कॉम्प्युटर कोणाकडे जातील? त्यांचे शेवटचे हिशेब आणि कार्यकारिणीचे बदल अर्ज नियमित आहेत की नाहीत तेही पाहा. ज्या ट्रस्टमध्ये आधीच दोन गट कोर्टात आहेत त्याच्या छताखाली जाऊ नका.

मग ठरवायचे कसे?

माझे मत थोडक्यात असे. नोंदणी ही प्रतिष्ठा नाही. लोकांच्या पैशाची, वस्तूंची आणि विश्वासाची जबाबदारी आपल्यानंतरही कोणीतरी घ्यावी म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. अशी जबाबदारी तयार झाली असेल तर ती टाळू नये. झाली नसेल तर केवळ लेटरहेडसाठी ती अंगावर घेऊ नये.

क्लबच्या बैठकीत हे प्रश्न एकेक करून घ्या आणि उत्तरे फळ्यावर लिहा.

१. गेल्या वर्षभरात सभासदांबाहेरच्या किती जणांनी क्लबचा नियमित लाभ घेतला?
२. बाहेरून आलेला पैसा सभासदांच्या वर्गणीपेक्षा जास्त झाला आहे का?
३. भाडेकरार, वीजजोडणी, पगारी शिक्षक असे काही क्लबच्या नावाने करायची गरज आहे का?
४. पुढची पाच वर्षे हिशेब, इतिवृत्त आणि कार्यालयाचे खेटे घालायला तयार असलेले दोघे जण कोण? त्यांची नावे?
५. आजचे सगळे सभासद गाव सोडून गेले तरी हे काम चालावे असे आपल्याला वाटते का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे 'नाही' किंवा 'फारसे नाही' अशी असतील तर क्लब म्हणूनच राहा आणि वही नीट ठेवा. ती 'हो' असतील पण चौथ्या प्रश्नापुढे नावे लिहिता येत नसतील, तर छताखालची वाट धरा. पाचही उत्तरे होकारार्थी असतील तर सोसायटी करा. त्याआधी एक वर्ष संस्था असल्यासारखे वागून पाहा. दरमहा बैठक, लिहिलेले इतिवृत्त, ३१ मार्चला बंद केलेला आणि फळ्यावर लावलेला हिशेब, मत देऊन निवडलेली सात जणांची समिती. वर्षभर हे जमले तर नोंदणीचा अर्ज भरणे हे फक्त कागदाचे काम उरते. नाही जमले, तर नोंदणीने ते जमणार नव्हते हे वेळीच कळेल, तेही कोणाला दंड न भरता.

निर्णय काहीही झाला तरी दोन गोष्टी आजच करता येतात. क्लबच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या आधार कार्डाच्या, दाखल्यांच्या प्रती पडून असतील तर त्या या रविवारी पुसून टाका आणि अर्ज भरून झाला की लगेच पुसायचा नियम करा. आणि यूपीआयवर आलेल्या पैशांची यादी काढून सर्वांसमोर वाचा. या दोन कामांना कोणाच्याही शिक्क्याची गरज नाही.